लागला काय रे तुका?

अमृतमहोत्सव समितीचा निरोप आला तेव्हा मी ऑपरेशन आटोपून चहा घेत होतो. 'शाळेने मला काय दिले, शब्दमर्यादा आठशे, फोटो पासपोर्ट आकाराचा.' आठशे शब्दांत हे बसणार नाही, हे मला चहा संपायच्या आतच कळलं. संपादकांना सांगून ठेवलंय, कापायचंच असेल तर माझं डॉक्टरकीचं कापा, बाईंचं कापू नका.

बाई म्हणजे संस्कृतच्या बाई. आपल्या शाळेत आठ-नऊ बाई होत्या, पण मागेपुढे काही न लावता नुसतं 'बाई' म्हटलं की त्या एकट्याच. चिंचेखालच्या वर्गात कुणी 'बाई आल्या' म्हटलं की कौलारू विंगपर्यंत शांतता पोचायची. त्यांनी कधी कुणाला मारल्याचं मला आठवत नाही. त्या फक्त बोलायच्या थांबायच्या आणि आपल्याकडे बघायच्या. नाव मुद्दाम लिहीत नाही. परवा फोन करून परवानगी विचारली तर म्हणाल्या, "नाव घालणार असशील तर लेख छापायच्या आधी शुद्धलेखन मी तपासणार." ते धाडस पंचावन्नाव्या वर्षीही माझ्यात नाही.

बाकीच्या शिक्षकांवर यात अन्याय होतोय हे कळतंय. गणिताच्या सरांनी संध्याकाळी थांबवून शिकवलं नसतं तर मी मेडिकलला पोचलोच नसतो. पीटीच्या सरांनी पोहायला शिकवलं. दोघांनाही नमस्कार. पण पेन हातात घेतलं की डोळ्यांसमोर येतं ते १९८४ चं गॅदरिंग, बाईंच्या दोन निळ्या साड्या आणि माझी आजी.

आधी आजीचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या वाडीत आजीइतकं हसणारं माणूस दुसरं नव्हतं, आणि ती हसायची ती मुख्यतः पडणाऱ्यांना. आमच्या खळ्यातून व्हाळावरचा साकव दिसायचा. पावसाळ्यात पोफळीच्या त्या ओंडक्यांवर शेवाळ धरलं की आजी वाती वळायचं काम घेऊन बरोबर ओटीच्या त्या टोकाला बसायची. एकदा वरच्या वाडीतले एक काका डोक्यावर फणस घेऊन साकवावर आले, मध्यावर त्यांचा पाय सटकला आणि पुढच्या क्षणी काका कमरेइतक्या पाण्यात उभे! लागलंबिगलं काही नव्हतं. पण त्यांनी पहिलं काय केलं, तर गडग्यापलीकडून कुणी बघतंय का ते बघितलं, आणि मग ते फणस शोधायला लागले. आजी पदर तोंडाला लावून हसतेय, हसता हसता खोकतेय, आणि वर ओरडून विचारतेय, "अरे, फणस खंय गेलो?" मग आत येऊन चुलीपाशी आईला सांगताना पुन्हा "पडलो मेलो!" करत डोळे पुसतेय. ही गोष्ट ती पुढे दहा वर्षं सांगत होती. जत्रेत दशावतार असला की संकासुराची फजिती बघायला ती पहाटेपर्यंत जागायची. थोडक्यात, माझी आजी काही हळव्या मनाची म्हातारी नव्हती.

आता गॅदरिंग. नववीत होतो. बाईंनी त्या वर्षी 'मयसभा' नावाचा वीस मिनिटांचा प्रवेश स्वतः लिहून बसवायला घेतला. मी दुर्योधन. निवड अभिनयामुळे झाली नव्हती. वर्गात माझीच मान सगळ्यांत ताठ असते, असं बाईंचं म्हणणं होतं. ते कौतुक नव्हतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

मयसभेची गोष्ट आपल्या सगळ्यांना तोंडपाठ असते, किंवा असं आपल्याला वाटतं. स्फटिकाची जमीन पाहून दुर्योधनाला पाणी वाटतं, तो वस्त्र वर उचलून चालतो. पुढे खरंच पाणी असतं, ते त्याला जमीन वाटते आणि तो कपड्यांसकट पाण्यात पडतो. मग द्रौपदी म्हणते, 'आंधळ्याचा मुलगा आंधळा', आणि तिथून महाभारत. 'अ' वर्गातल्या एका मुलीला द्रौपदीसाठी घेतलं होतं आणि ती पहिल्या दिवसापासून हेच वाक्य वेगवेगळ्या पट्टीत म्हणून बघत होती. तिसऱ्या दिवशी बाई तालमीला एक जाडजूड वही घेऊन आल्या. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची जी संशोधित आवृत्ती केली, देशभरातल्या हस्तलिखितांची तुलना करून, १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून, तिच्यातल्या सभापर्वातले श्लोक बाईंनी एका सुट्टीत पुण्याला जाऊन उतरवून आणले होते. सभापर्वाचं संपादन एजर्टन नावाच्या अमेरिकी पंडितांनी केलं, हे सांगतानाच्या त्यांच्या सुरातलं अप्रूप अजून कानात आहे.

"हे वाक्य यात नाही," बाई म्हणाल्या. "इतकंच काय, प्रसंग जिथे सांगितलाय तिथे द्रौपदीच नाही."

मग त्यांनी वाचून दाखवलं. दुर्योधन पाण्यात पडला तेव्हा आधी हसले ते नोकर. मग राजाच्या आज्ञेवरून त्यांनीच त्याला कोरडी, चांगली वस्त्रं आणून दिली. नंतर त्याला तशा अवस्थेत बघून भीम हसला, अर्जुन हसला, नकुल-सहदेव हसले. बस. पण पुढे हस्तिनापुरात परतल्यावर हाच प्रसंग दुर्योधन आपल्या बापाला सांगतो, तेव्हा त्याच्या सांगण्यात मात्र कृष्णही मोठ्याने हसलेला असतो आणि द्रौपदी इतर बायकांसह हसलेली असते.

"मग खोटं कोण बोलतंय?" कुणीतरी विचारलं.

"खोटं कशाला बोलेल? पडलेल्या माणसाला विचारा किती जण हसले ते. तो नेहमी जास्तच सांगणार."

तेव्हा आम्हाला हे फारसं कळलं नाही. कळलं एवढंच की द्रौपदीची भूमिका गेली. ती मुलगी रडवेली झाली. बाईंनी तिच्याकडे पडदा आणि सेफ्टीपिनांचा डबा सोपवला.

माझी पंचाईत वेगळीच होती. मला पडता येत नव्हतं. म्हणजे पडायचो मी रोज पंधरा वेळा, पण कुणीही हसायचं नाही. भीमाला हसायचं काम नेमून दिलेलं, तोसुद्धा कंटाळून हसायचा. बाई म्हणाल्या, "तू पडणार आहेस हे तुला माहीत असतं, म्हणून बघणाऱ्यालाही माहीत असतं. पडायला जाऊ नकोस, चालायला जा. जितका ताठ चालशील तितके हसतील." त्यानंतर दहा दिवस मी व्हरांड्यात नुसता चालत होतो. मधल्या सुट्टीत सातवीची पोरं रांगेने माझ्यामागे तशीच चालायची.

आणि एक सूचना. पडल्यावर हसणाऱ्यांकडे बघायचं नाही. तेही त्या वहीत होतं. दुर्योधनाला ते हसणं सोसलं नाही, पण चेहऱ्यावर काही दिसू न देता त्याने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. "आकारं रक्षमाणस्तु," बाईंनी दोनदा म्हणून दाखवलं. "चेहरा सांभाळायचा. मंडपात काही होवो, तुझी नजर समोर."

ही सूचना मी नको तितकी पाळली.

गॅदरिंगच्या रात्री पिंपांवर फळ्या टाकून केलेलं ते आपलं नेहमीचं स्टेज होतं. बाईंच्या दोन निळ्या साड्या एकत्र जोडून आठवीतले दोघे दोन बाजूंनी हलवत होते, ते पाणी. त्या साड्यांमागे शिपाईमामांच्या खाटेवरची गादी, मी पडायची जागा. मला मुकुट पुठ्ठ्याचा आणि नेसायला आजोबांचा कद. आजोबा जाऊन सहा वर्षं झाली होती. कद आजीने ट्रंकेतून काढून दिला होता आणि तो नेसलेल्या मला बघायला ती आयुष्यात पहिल्यांदा गॅदरिंगला आली होती, बायकांच्या बाजूला, हातात बॅटरी घेऊन.

माझ्या आधी लेझीम झालं आणि लेझीमवाल्यांनी जागा हवी म्हणून गादी विंगेत सरकवली. परत कुणी आणली नाही.

मी ताठ चालत आलो. इतका ताठ मी नंतर लग्नाच्या बोहल्यावरही चाललो नाही. साड्यांवर पाय टाकला आणि अपेक्षेप्रमाणे गेलो. फक्त खाली गादीच्या जागी फळ्या होत्या. आवाज असा झाला की पिंपं घुमली. कोपर सडकून आपटलं, मुकुट तबल्यापाशी गेला. आणि मंडप गप्प. माझ्या शेजारी गदा घेऊन उभा असलेला भीम हसायचंच विसरला. ती शांतता किती वेळ होती सांगता येत नाही. चार सेकंद असेल. तेवढ्यात बायकांच्या बाजूने, अगदी स्पष्ट,

"रे बाबू, लागला काय रे तुका?"

आणि मग मंडप फुटला. गावकरी, पाहुणे, पहिल्या रांगेतले अध्यक्ष, स्टेजवरचे पांडव, साडीचं टोक धरलेला आठवीतला पोरगा, सगळे. पाणीसुद्धा हसत होतं. आजीने आणखी दोनदा विचारलं. ती उठून, बॅटरी पेटवून, बाकांमधून स्टेजच्या दिशेने यायला लागली होती. मी उठलो, कद झटकला आणि नजर समोर. आकारं रक्षमाणस्तु. आजीकडे बघितलं नाही.

घरी जाताना पुढे मी, मागे ती. बॅटरीचा उजेड ती माझ्या पायांपुढे पाडत होती, आणि मी मुद्दाम त्या उजेडाच्या बाहेर चालत होतो. घरी पोचल्यावर "जेवतलंस मा?" एवढंच विचारलं तिने. मी भिंतीकडे तोंड करून झोपलो. तिच्याशी मी चार दिवस बोललो नाही. शाळेत तर काय, दहावीचा शेवटचा पेपर होईपर्यंत माझ्या हातून खडू पडला तरी मागून कोरस यायचा, लागला काय रे तुका?

सोमवारी तिसऱ्या तासाला बाई वर्गावर आल्या आणि काही न बोलता फळ्यावर सहा शब्द लिहिले. स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. भरताच्या नाट्यशास्त्रात सहाव्या अध्यायात हास्यरस येतो, तिथले हे सहा प्रकार. अभ्यासक्रमात नव्हते. बाईंच्या तासाला अभ्यासक्रम साधारण पहिली वीस मिनिटं असायचा. स्मितात दात दिसत नाहीत, गाल जरासे फुलतात. हसितात दात किंचित दिसतात. ही दोन उत्तम माणसांची. विहसितात डोळे बारीक होतात आणि गोड आवाज येतो. उपहसितात नाक फुगतं, नजर तिरकी होते, खांदे-मान वाकते. ही मध्यमांची. अपहसित म्हणजे नको त्या जागी हसणं, डोळ्यांत पाणी, खांदे-डोकं हलतंय. आणि अतिहसितात आवाज मोठा, डोळे भरलेले आणि हात दोन्ही कुशींवर. ही शेवटची दोन अधमांची.

"शनिवारी कोण कुठलं हसलं?" बाईंनी विचारलं. आम्ही प्रत्येकाचं वर्गीकरण केलं. मुख्याध्यापक उत्तम ठरले, कारण त्यांनी तोंडावर रुमाल धरला होता. अध्यक्ष अधम ठरले. भीम कुठल्याच प्रकारात बसेना. मीही थोडा सैलावलो. मग बाई म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या मंडपात एक बाई हसली नाही. का?"

"त्याची आजी ना ती."

"म्हणजे ती चांगली आणि आपण सगळे वाईट?"

वर्ग गप्प झाला. उत्तर 'हो' असावं असंच सगळ्यांना वाटत होतं. मला मात्र अजून आजीचा राग होता, म्हणून मी उठून सांगून टाकलं, "नाही बाई, ती सगळ्यांत जास्त हसते. साकवावरून पडलेल्यांना बघायला ती मुद्दाम ओटीवर बसते." आणि फणसाची गोष्ट सांगितली, अगदी 'फणस खंय गेलो'सकट. वर्ग कोसळला. बाई टेबलाला धरून हसत होत्या. (अधम. पण तेव्हा बोलायची सोय नव्हती.)

डोळे पुसून झाल्यावर बाई म्हणाल्या, "बघ, ते काका पाण्यात उभे राहिलेले तिला दिसले. लागलं नाही हे तिला आधी कळलं आणि मग हसू आलं. शनिवारी तुला लागलं की नाही हे कळायचं बाकी होतं. सगळ्यांचंच बाकी होतं, म्हणून मंडप गप्प होता. बाकीच्यांचं चार क्षणांत कळून झालं. तुझ्या आजीचं झालं नाही. तू सांगितलं होतंस का तिला, लागलं नाही म्हणून?"

मी खाली बसलो. कोपर तेव्हाही दुखत होतं.

त्याच वर्षीची आणखी एक गोष्ट लिहायची नाही असं ठरवलं होतं, पण ती सोडून हे पुरं होत नाही. पावसात प्रार्थनेच्या वेळी आमच्या वर्गातला एकजण घसरला आणि त्याची खाकी चड्डी मागे टरकली. लागलं नाही हे तर दिसतच होतं. आम्ही हसलो, मी तर पहिला. तो चार दिवस शाळेत आला नाही. त्याच्याकडे तेवढी एकच चड्डी होती, हे आम्हाला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यावं असंही कुणाला वाटलं नाही. बाई त्याच्या घरी गेल्या होत्या. हे मला त्याच्याकडूनच कळलं, पंचवीस वर्षांनी. वर्गात त्यांनी त्यावर चकार शब्द काढला नाही. त्या दिवशी फक्त बोलायच्या थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. बाईंनी मला केलेली शिक्षा अशी ती एकच.

आता कापायचा मजकूर सुरू होतो. मी अस्थिरोगतज्ज्ञ झालो. कोल्हापुरात माझं अठरा खाटांचं हॉस्पिटल आहे, कोकणातले पेशंट पुष्कळ येतात, घाट चढून. म्हणजे पडणाऱ्यांवरच माझं घर चाललंय. पहिला पाऊस झाला की मनगटं यायला लागतात. माणूस पडताना हात पुढे टाकतो आणि सगळं वजन तळव्यावर येऊन मनगटाजवळचं हाड मोडतं. अब्राहम कॉलीस नावाच्या आयरिश शल्यविशारदाने १८१४ साली या मोडीचं वर्णन लिहून ठेवलं, तेही क्ष-किरणांचा शोध लागायच्या एक्याऐंशी वर्षं आधी, नुसत्या डोळ्यांनी बघून आणि हाताने चाचपून. आम्ही अजून त्याच्याच नावाने ती ओळखतो.

तीस वर्षं पडलेली माणसं बघतोय, त्यात एक गोष्ट चुकत नाही. 'कसे पडलात?' विचारलं की सांगणारा आधी स्वतःची बाजू मांडतो. फरशीच ओली होती, कुत्रं मध्ये आलं, चप्पल नवीन होती. मी साधा पडलो, असं कुणी म्हणत नाही. आणि कुणी पाहिलं का, हे न विचारता सांगतात. "नशीब, कोणी नव्हतं." मनगट वाकडं झालेलं, हात दुसऱ्या हाताने धरलेला, तरी पडल्या पडल्या त्यांनी पहिल्यांदा आजूबाजूला बघितलेलं असतं. व्हाळात उभे असलेले काका मला रोज भेटतात. सोबत आलेला जावई किंवा मुलगा मात्र दाराशी उभा राहून ओठ आवळत असतो. फोटो बघून मी 'मोडलेलं नाही' म्हटलं की तो सुटतो. 'मोडलंय' म्हटलं की त्याचा चेहरा क्षणात बदलतो. त्याच्या ओठांवर आलेलं ते हसू कुठे जातं, याचं मला अजून कुतूहल आहे.

विलयनूर रामचंद्रन हे मेंदूविज्ञानातलं मोठं नाव, चेन्नईत वैद्यकीचं शिक्षण घेतलेले. १९९८ मध्ये त्यांनी हसण्याबद्दल एक तर्क मांडला. काहीतरी धोक्याचं घडलंय असं वाटून सगळे सावध होतात, मग ते किरकोळ निघतं, तेव्हा हसून आपण बाकीच्यांना कळवतो की धावत येऊ नका, खोटा इशारा होता. हे वाचलं तेव्हा मी एका परिषदेला परगावी हॉटेलात होतो आणि रात्री अकरा वाजता एकटाच मोठ्याने म्हणालो, अहो हे बाईंचं आहे! चिंचेखालच्या वर्गात १९८४ सालीच सांगितलंय त्यांनी.

रामचंद्रन यांच्या तर्काने सगळं सुटतं असं नाही. मुलगी जर्मनीत शिकते. तिकडे दुसऱ्याच्या नुकसानीत होणाऱ्या आनंदाला एक अख्खा शब्द आहे, शाडनफ्रॉइडे. शाडन म्हणजे नुकसान, फ्रॉइडे म्हणजे आनंद. आपल्याकडे 'पचका' आहे, 'पोपट' आहे, पण ते पडणाऱ्याचं झालं. बघणाऱ्याला काय होतं त्याला नाव नाही, नुसतं 'बरं झालं' म्हणतो. पीटीचे सर (पुन्हा नमस्कार, सर) कवायतीत सरळ रेषेवरून ओरडता ओरडता खड्ड्यात गेले होते, तेव्हा आम्हाला झाला तो आनंद 'खोटा इशारा' नव्हता. त्यात हिशेब चुकता झाल्याचं सुख होतं. हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाला तेच दिसलं होतं. १६५१ च्या त्याच्या ग्रंथात हसणं म्हणजे दुसऱ्याचं उणं बघून स्वतःच्या मोठेपणाचा एकाएकी आलेला उमाळा, असं आहे. बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९०० साली लिहिलं की हसायचं तर काळीज तेवढ्यापुरतं बधिर व्हावं लागतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांशी रोजचा संबंध असल्याने मला ते फार पटलं. आजीला भूल चढत नव्हती, एवढंच. आणि तीही फक्त माझ्या बाबतीत.

आजी १९९१ मध्ये गेली. मी तेव्हा एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला होतो. तिला मी कधी सांगितलं नाही की त्या रात्री लागलं होतं. कोपर सुजलं होतं, तेही मी बाहीत लपवलं. पण तिला कळलेलं असणार. चौथ्या दिवशी सकाळी उठलो तर उशाशी वाटीत आंबेहळद उगाळून ठेवलेली होती. मी ती लावली आणि आम्ही बोलायला लागलो, कद ट्रंकेत परत ठेवण्याबद्दल काहीतरी.

आणि द्रौपदी. मला पक्कं आठवत होतं की त्या रात्री सगळ्यांत जास्त हसली ती 'अ' वर्गातली मुलगी. तिसऱ्या रांगेत, कडेला, तोंडावर हात घेऊन. इतकी वर्षं तिच्यावर माझा थोडा रागही होता. २०१९ मध्ये आपल्या ८६ च्या बॅचचा मेळावा झाला, तेव्हा धीर करून तिला म्हटलं. ती बघतच राहिली. "अरे, मी पडद्यामागे होते, सेफ्टीपिनांचा डबा घेऊन. मला तर तू पडलेला दिसलासुद्धा नाहीस. रडत बसले होते मी, रोल गेला म्हणून." मी तिथल्या तिथे बाईंना फोन लावला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "दुर्योधन म्हणून तुला घेतलं ते बरोबरच होतं."

शाळेत त्याच मेळाव्याला शेवटचं येणं झालं. कौलारू विंग गेली, चिंच गेली, रुळाच्या तुकड्याची घंटा गेली. आता बटण आहे. स्टेज सिमेंटचं झालंय. चांगलं आहे, पण त्यावर पडलं तर पिंपं घुमणार नाहीत. गॅदरिंगला म्हणे आता नुसते रेकॉर्ड डान्स असतात. संस्कृतला किती मुलं बसतात ते विचारलं नाही. मैदानाच्या कडेला काही पोरं एका मोबाइलवर डोकी जोडून खिदळत होती. बघितलं तर कुठल्यातरी देशात कुणीतरी बर्फावर घसरतंय, पुन्हा पुन्हा. क्लिप तो जमिनीला टेकतो तिथेच संपायची. तो उठला का, हे त्यात नव्हतंच. मी एकाला विचारलं, "लागलं का रे त्याला?" पोरगा म्हणाला, "काका, फनी आहे ते." आणि हो, समितीला एक विनंती, व्हरांड्यात नव्या गुळगुळीत टाइल्स बसवल्यात त्या कृपा करून खरखरीत करून घ्या. कोकणातला पाऊस आहे. माझ्या धंद्याला बरं असलं तरी सांगतोय.

नावाची परवानगी विचारायला बाईंना फोन केला, त्याचं वर सांगितलंच. बाई आता सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत, भाचीकडे असतात. शुद्धलेखनाचं बोलून झालं, माझ्या मुलीची चौकशी झाली, आणि ठेवता ठेवता सहज म्हणाल्या, "बुधवारी मी न्हाणीघरात पडले रे."

त्या वयात पडणं म्हणजे आमच्या डोळ्यांसमोर लगेच खुब्याचं हाड येतं. विचारायचे प्रश्न ठरलेले असतात, कशावर पडलात, उठता आलं का, पाय टेकवतो का. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. निघालं ते,

"लागला काय तुका?"

बाईंना. अरेतुरे. मालवणीत. साठ वर्षांत त्यांना कुणी 'तू' म्हटलं असेल असं मला वाटत नाही. पलीकडे पूर्ण शांतता. मला तो मंडप आठवला, ती चार सेकंदं. मग आधी एक बारीकसा आवाज आला आणि त्यामागून बाई जे हसायला लागल्या ते थांबेनात. भाची धावत आलेली ऐकू आली, "मावशी, काय झालं?" फोन कुठेतरी खाली ठेवला गेला, पुन्हा उचलला गेला. मी दरम्यान घसा खाकरून डॉक्टर झालो होतो. आजच्या आज फोटो काढून मला पाठवा, असं भाचीला बजावलं. संध्याकाळी आला. हाड शाबूत, मुका मार फक्त.

पण फोन ठेवायच्या आधी बाईंनी तो भाचीकडून परत घेतला. अजून धाप लागलेली होती.

"काय रे, हे कुठलं झालं?"

"अतिहसित, बाई."

"चूक. अतिहसिताला हात कुशींवर लागतात. माझी डावी कूस ठणकतेय, हात लाववत नाही. अपहसित लिही."